पोलंडची शाब्ला: लढायची वेगळी, मिरवायची वेगळी

पोलंडच्या तलवारीबद्दल काहीही शोधायला गेलात की दोन गोष्टी हमखास समोर येतात, एक म्हणजे पाठीला पंख लावलेले हुसार घोडेस्वार आणि दुसरी म्हणजे गरुडाच्या डोक्याची मूठ असलेली ती देखणी वाकडी तलवार, आणि मग बरेच जण ती तलवार त्या पंखवाल्यांच्या हातात देऊन मोकळे होतात. घोळ इथेच सुरू होतो. गरुडमुठीची ती म्हणजे काराबेला. हुसार रणात जी चालवायचे ती बहुतेक वेळा वेगळीच असायची, काळ्या चामड्यात मढवलेली, नक्षी जवळपास नाहीच, आणि मुठीला अंगठ्यासाठी एक कडी. पोलिश लोक दोन्हींना शाब्लाच म्हणतात. पण एक लढायला केलेली आणि दुसरी मुख्यतः कमरेला लावून चारचौघांत फिरायला. हा फरक एकदा डोक्यात बसला की तिच्या इतिहासातल्या बाकी गोष्टी, म्हणजे मूठ तशीच का, ती राष्ट्रगीतात कशी आली, पोलिश घोडेस्वार तलवारी घेऊन टँकवर धावले ही गोष्ट खोटी असून अजून का फिरते, हे सगळं जुळत जातं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मुलूख समजून घेऊ. सोळाव्या-सतराव्या शतकातला पोलंड म्हणजे आजचा पोलंड नव्हे. 1569 साली लुब्लिनला करार झाला आणि पोलंड व लिथुआनिया मिळून एकच भलंमोठं राज्य झालं, आजचा पोलंड, लिथुआनिया, बेलारूस आणि युक्रेनचा मोठा भाग त्यात येतो. एवढा मैदानी मुलूख, नैसर्गिक आडोसा फारसा नाही, आणि शेजाऱ्यांपैकी जवळपास प्रत्येकाशी कधी ना कधी जुंपलेली. उत्तरेला स्वीडन, पूर्वेला मॉस्को, दक्षिणेला ऑटोमन तुर्क आणि क्रिमियाचे तातार. तातारांची पद्धत अशी की हलक्या घोड्यांवर अचानक यायचं, गावं लुटायची, माणसं पकडून गुलाम म्हणून न्यायची आणि फौज गोळा होईपर्यंत पसार व्हायचं. अशा शत्रूच्या मागे जड चिलखत आणि लांब सरळ तलवार घेऊन धावता येत नाही.

त्याआधी पोलिश सरदार युरोपातल्या इतरांसारखीच सरळ दुधारी तलवार बाळगत होते. वाकडी तलवार दक्षिणेकडून आली. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्बियन आणि हंगेरियन घोडेस्वार पोलंडच्या चाकरीत आले, तुर्कांशी लढता लढता त्यांनी तुर्कांचीच बरीच शस्त्रं उचलली होती, आणि त्यांच्याबरोबर ही तलवारही आली. मग 1576 मध्ये ट्रान्सिल्व्हेनियाचा स्तेफान बातोरी पोलंडच्या गादीवर बसला. तो हंगेरियन, त्याची फौज, पोशाख, शस्त्रं सगळं हंगेरियन वळणाचं, आणि राजाचं बघून सरदारांनीही तेच उचललं. बातोरीचा चेहरा किंवा नाव पात्यावर कोरलेल्या शाब्लांना बातोरुफ्का म्हणतात, आणि त्याच्याबद्दलचा आदर एवढा टिकला की तो गेल्यानंतरही कितीतरी वर्षं अशी पाती बनत राहिली. त्यामुळे पात्यावर बातोरी दिसला म्हणजे तलवार त्याच्याच काळातली असं अजिबात समजू नये.

ही सुरुवातीची शाब्ला, जिला अभ्यासक हंगेरियन-पोलिश म्हणतात, ओळखायला सोपी. मूठ उघडी, बोटांसमोर आडवं काही नाही. मुठीच्या वर लांबलचक आडवी पोलादी पट्टी, तिच्या मधोमध दोन जिभा, एक पात्याकडे गेलेली आणि एक मुठीकडे, आणि मुठीच्या शेवटी बदामाच्या आकाराची चपटी टोपी. त्या जिभा नक्षी म्हणून नाहीत. पात्याकडची जीभ म्यानाचं तोंड वरून धरून ठेवते, म्हणजे घोडा दौडत असताना तलवार खुळखुळत नाही आणि निसटत नाही, आणि लढताना समोरच्याचं पातं घसरत खाली आलं तर पट्टी आणि जीभ यांच्यामधल्या कोपऱ्यात ते अडकतं.

आता वाकडी का, ते बघू. सरळ पातं आडवं बसलं की ते आदळतं, बराच भाग एकदम टेकतो आणि जोर वाटला जातो. वाकड्या पात्याचा आधी थोडासाच भाग टेकतो, सगळा जोर तेवढ्याच जागेवर, आणि हात पुढे जात राहिला की धार आपोआप घसरत कापत जाते, वेगळं ओढावं लागत नाही. घोड्यावरून वार करून पुढे निघून जायचं असेल तर हे फार मोलाचं, कारण पातं रुतून बसलं आणि घोडा थांबला नाही तर तलवार तरी जाणार नाहीतर मनगट तरी. तोटाही आहेच. बाक जेवढा जास्त तेवढं भोसकणं अवघड, कारण टोक हाताच्या रेषेत राहत नाही. इराणी शमशेरीचा बाक खूप मोठा असतो, ती जवळपास फक्त कापायची तलवार. पोलिश लढाऊ शाब्लेचा बाक मध्यम, म्हणजे मुख्य काम कापण्याचं पण वेळ आली तर टोकही वापरता येतं. बऱ्याच पात्यांचा टोकाकडचा भाग मागच्या बाजूनेही धारदार केलेला असतो आणि काहींत तो थोडा रुंद असतो, त्यामुळे टोकाकडे वजन जातं, वाराला जोर येतो, आणि वार हुकला तर हात परत येताना मागच्या धारेनेही काम होतं.

सतराव्या शतकाच्या मध्याला हुसारांची शाब्ला तयार झाली, आणि माझ्या मते ही पोलंडची खरी कमाई, कारण पात्याचा बाक शेजाऱ्यांकडून आला, आडवी पट्टी शेजाऱ्यांकडून आली, पण या सगळ्याची जी मोट या मुठीत बांधली ती पोलिश कारागिरांनी. ती जवळून कशी आहे ते सांगतो. लाकडी मूठ, तिच्यावर काळं चामडं, पकड सुटू नये म्हणून कधी त्यावर तारेचे वेढे. आडव्या पट्टीचं पुढचं टोक जवळजवळ काटकोनात वळून बोटांसमोरून खाली मुठीच्या शेवटाकडे येतं, म्हणजे बोटांवर थेट वार बसत नाही. आणि अंगठा जिथे टेकतो त्या बाजूला, आडव्या पट्टीला जोडलेली ती कडी, पोलिशमध्ये पालुख. अंगठा त्या कडीत सरळ घालायचा. पूर्ण तलवारीचं वजन किलोभराच्या आसपास, पातं साधारण 80 ते 85 सेंटिमीटर.

या कडीने काय होतं? वाकड्या पात्याचं टोक जड असेल तर त्याला वेग देणं सोपं पण थांबवणं अवघड, हात वार करून पुढे वाहत जातो आणि तेवढ्या क्षणात तुमची बाजू उघडी पडते. अंगठा कडीत असला की मुठीवर दोन जागी जोर लागतो, खाली तळहात आणि वर अंगठा, त्यामुळे मनगटाच्या थोड्या हालचालीत टोक उठतं, फिरतं आणि महत्त्वाचं म्हणजे थांबतं. वार अडवताना पातं हातात फिरत नाही. घाम असो, पाऊस असो, जाड हातमोजा असो, तलवार हातातून सहजी जात नाही. म्हणजे घोड्यावरून जोरात मारायला ही तलवार जितकी चांगली तितकीच जमिनीवर उभं राहून समोरासमोर पट्टीच्या माणसाशी लढायलाही. लढाऊ तलवारीत हे दोन्ही एकत्र मिळणं दुर्मीळ, आणि अभ्यासक तिला त्या काळातल्या उत्तम तलवारींमध्ये धरतात ते याच कारणाने.

हुसारांबद्दल एक मात्र लक्षात ठेवायला हवं, शाब्ला हे त्यांचं पहिलं शस्त्र नव्हतं. पहिलं शस्त्र म्हणजे कोपिया, पाच मीटरच्या घरात जाणारा लांब भाला, आतून पोकळ केलेला म्हणून एवढा लांब असूनही पेलता यायचा. पहिल्या धडकेत तो मोडायचा, मोडायलाच हवा होता. त्याशिवाय खोगिराजवळ कोंत्सेश नावाची लांब, फक्त भोसकायची तलवार, आणि हातघाईसाठी शाब्ला. 4 जुलै 1610 ला क्वुशिनच्या लढाईत हेत्मान म्हणजे सेनापती झुव्केफ्स्कीच्या थोड्या फौजेने आपल्याहून कितीतरी मोठ्या रशियन-स्वीडिश फौजेचा पराभव केला, त्या दिवशी काही तुकड्या आठ ते दहा वेळा चालून गेल्या असं तिथे हजर असलेल्या सामुएल मास्क्येविचने लिहून ठेवलंय. आता भाला एकदा मोडला की गेला, मग त्यानंतरच्या धडका कशाच्या जोरावर, तर कोंत्सेश आणि शाब्ला यांच्याच. 12 सप्टेंबर 1683 ला व्हिएन्नाच्या वेढ्यात राजा यान सोब्येस्कीने डोंगरउतारावरून जी प्रचंड घोडदौड केली तिचं वर्णन नेहमी भाले आणि पंखांचं असतं, पण तुर्कांच्या छावणीत शिरल्यावर जे झालं ते तलवारीचं काम होतं.

हे झालं रणातलं. आता कमरेचं, आणि माझ्या मते शाब्लेची खरी गोष्ट इथे आहे.

पोलंड-लिथुआनियात श्लाख्ता नावाचा सरदार-जमीनदार वर्ग होता. युरोपात इतर ठिकाणी असा वर्ग लोकसंख्येच्या एक-दोन टक्के असायचा, इथे अंदाजे 8 ते 10 टक्के. राजा निवडायचा हक्क यांचा, 1573 पासून वॉर्साजवळच्या मैदानात हे लोक हजारोंनी घोड्यांवर, शस्त्रांसह जमून राजा निवडायचे. कायद्याने सगळे समान. हजारो एकरांचा मालक आणि एका तुकड्यावर स्वतः नांगर धरणारा, दोघांचं मत सारखं. पोलिशमध्ये म्हणच आहे की आपल्या एवढ्याशा वाडीवरचा श्लाख्ता माणूस सुभेदाराच्या बरोबरीचा. पण कागदावर बरोबरी असली तरी अंगावर काय दिसणार? कपडे फाटके, जोडे फाटके, घर शेतकऱ्याच्या घराहून वेगळं ओळखता येणार नाही असं. मग उरते शाब्ला. शेतकऱ्याला ती नाही, याला आहे, बास. गरीब श्लाख्ता शेतात नांगरतानाही तलवार जवळ ठेवायचे, रेशमी पट्टा परवडत नसेल तर साध्या दोरीला बांधायचे, पण ठेवायचे. आज ओळखपत्राने जे काम होतं ते त्या माणसासाठी तलवार करत होती, आणि हे कळलं की ते लोक तिला एवढं का जपायचे हे वेगळं सांगावं लागत नाही.

तिच्याभोवती किती रीतीभाती तयार झाल्या बघा. चर्चमध्ये सुवार्ता वाचायला सुरुवात झाली की सरदार उभे राहून तलवार म्यानातून अर्धी बाहेर काढायचे, अर्थ असा की धर्मासाठी लढायला तयार आहोत. घरात भिंतीवर गालिचा टांगून त्यावर घराण्याच्या शाब्ला लावायच्या, बापाची, आजोबाची. पोरगा मोठा झाला की कमरेला तलवार बांधायचा समारंभ. आणि दुसरी बाजूही होतीच, ती लपवायचं कारण नाही. प्रत्येकाच्या कमरेला धारदार हत्यार, डोक्यात मानापमान पक्का बसलेला, आणि मेजवानीत दारू भरपूर, मग काय होणार. यान ख्रिझोस्तोम पासेक नावाचा एक सैनिक होऊन गेला, डेन्मार्कपर्यंत जाऊन लढला, उतारवयात आठवणी लिहिल्या, त्यात लढायांइतक्याच मेजवानीतल्या भांडणांच्या हकीकती आहेत: कोणी काहीतरी बोललं, पेला फेकला, बाहेर चल, आणि अंगणात तलवारी. त्याच्या लिखाणातून एक दिसतं की अशा झुंजी बऱ्याचदा हाताच्या नाहीतर चेहऱ्याच्या जखमेवर थांबायच्या, दरवेळी कोणी मरायचंच असं नाही. ज्याला फक्त धडा शिकवायचा त्याला पात्याच्या सपाट बाजूने झोडपायचे. प्रांतसभांमध्येही चर्चा तापली की हात मुठीकडे जायचे, कधीकधी तलवारी बाहेर यायच्या, माणसं जखमी व्हायची. ज्या समानतेचा या लोकांना अभिमान होता तिची ही किंमतही होती आणि ती बहुतेक वेळा त्यांच्यापेक्षा गरीब, नोकर, शेतकरी लोकांनाच जास्त मोजावी लागली, कारण तलवार यांच्याकडेच होती.

शिकायचे कसे? लहानपणी काठीने. पालत्साती नावाचा खेळ होता, अठराव्या शतकातला पाद्री येंजेय कितोविचने त्याचं वर्णन केलंय: शाळेतली मुलं काठ्या घेऊन समोरासमोर उभी राहायची, एकाने मारायचं दुसऱ्याने अडवायचं, सुट्टीच्या दिवशी तासन् तास, अंगावर वळ उठेपर्यंत. आपल्याकडे फरीगदका जसा आधी हात आणि पाय तयार करतो आणि मग खरी तलवार हातात येते, तसंच हे, फरक एवढाच की तिथे ढाल नव्हती, अडवायचं तेही काठीनेच. जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या पाद्र्यांच्या शाळांमध्ये लॅटिन व्याकरणाबरोबर हेही चालायचं. त्यामुळे शाळेतून बाहेर पडलेल्या कुठल्याही श्लाख्ता पोराचा हात बऱ्यापैकी तयार असायचा.

आता काराबेला. हिचा काळ मुख्यतः सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे. मूठ पूर्ण उघडी, शेवट गरुडाच्या डोक्यासारखा पुढे वाकलेला, आडवी पट्टी आखूड, अंगठ्याची कडी नाही, बोटांसमोर आड नाही. हे वळण सरळसरळ तुर्की. गंमत बघा, ज्यांच्याशी पिढ्यान् पिढ्या लढले त्यांचीच फॅशन हे लोक अंगावर घालत होते, आणि व्हिएन्नाच्या विजयानंतर लुटीत आलेला तुर्की माल बघून ती आवड वाढलीच. त्यामागे एक समजूतही होती. श्लाख्ता स्वतःला प्राचीन सार्माती नावाच्या घोडेस्वार जमातीचे वंशज मानायचे, त्यामुळे पूर्वेकडचा लांब अंगरखा म्हणजे झुपान, वरून सैल बाह्यांचा कोंतुश, कमरेला सोन्याच्या जरीचा रुंद पट्टा आणि बाजूला काराबेला, हा पोशाख त्यांना परका नाही तर पूर्वजांचा वाटायचा. पश्चिम युरोपातून आलेले पाहुणे यांना बघून आपण तुर्कस्तानात तर नाही ना आलो असं समजायचे.

काराबेलाही दोन प्रकारच्या, हे बरेच जण विसरतात. एक लढाऊ, साधी, हाड किंवा लाकडाच्या मुठीची, पातं चांगलं मजबूत. दुसरी मिरवायची, जिच्या मुठीला हस्तिदंत, चांदी, मौल्यवान खडे, म्यानावर मखमल आणि सोन्याचा मुलामा, पातं हलकं. आज काचेच्या कपाटात जी चमकताना दिसते ती बहुतेक दुसरी. पण काराबेला म्हणजे नुसतं शोभेचं हत्यार असंही नाही. तिची उघडी मूठ हातात थोडी फिरवता येते, गरुडाचं डोकं करंगळीच्या खाली अडकून हात सुटू देत नाही, त्यामुळे खांद्यापासून मोठे, गोलाकार, एकामागून एक वार करायला ती फार छान. बोटं उघडी, हा धोका तेवढा.

या तलवारी बनवायचे कोण, तर मोठं केंद्र म्हणजे ल्वूफ, आज युक्रेनमधलं ल्विव्ह. तिथे अर्मेनियन व्यापारी आणि कारागीर पिढ्यान् पिढ्या राहत होते, इस्तंबूल आणि इराणपर्यंत त्यांचे व्यापारी संबंध, त्यामुळे पूर्वेकडचा माल यायचा आणि त्याच धाटणीचा इथेही बनायचा. त्यांच्या हातच्या तलवारींना अर्मेनियन शाब्ला असं वेगळं नावच आहे. पाती मात्र कुठूनही, ऑस्ट्रियातल्या श्टायरमार्कमधून, जर्मनीतल्या झोलिंगेनमधून, इटलीतल्या जेनोआकडून, आणि मूठ-म्यान पोलंडात. इथे आपल्याशी एक खरा धागा जुळतो. मराठ्यांच्या फौजेत फिरंग म्हणून जी तलवार होती तिचंही हेच, पातं युरोपातून, पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांमार्फत पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत उतरलेलं, आणि मूठ इथल्या कारागिरांनी इथल्या हाताला बसेल अशी चढवलेली. जर्मन-इटालियन भट्ट्यांमधली पाती त्याच शतकात ल्वूफच्या बाजारातही जात होती आणि कोकणातही येत होती. पातं सगळ्यांना चांगलं हवंच असायचं, पण तलवार कुणाची हे मूठ ठरवायची.

चालवायची कशी, हा प्रश्न अवघड आहे, आणि याचं कारण म्हणजे इटालियन किंवा जर्मन उस्तादांनी चित्रांसह जाडजूड पुस्तकं लिहिली तशी सोळाव्या-सतराव्या शतकातली पोलिश पुस्तकं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. हे ज्ञान बापाकडून पोराकडे, काठीवर आणि अंगणात गेलं. जे तुकडे मिळतात ते आठवणींमधून, पत्रांमधून, चित्रांमधून आणि खुद्द तलवारींवरच्या खुणांमधून. एक उल्लेख मिळतो तो फुलीच्या आकारात एकामागून एक तिरके वार करायच्या पद्धतीचा, उजवीकडून खाली, डावीकडून खाली, हात न थांबता, म्हणजे तोच हात मारतोही आणि समोरच्याचं पातं बाजूलाही सारतो. एकोणिसाव्या शतकात मिखाऊ स्ताझेफ्स्कीने शाब्लेवर लिहिलेलं लिखाण 1932 साली छापून आलं, ते मोलाचं आहे पण तोपर्यंत बाहेरच्या शाळांचं बरंच मिसळलं होतं, त्यामुळे ते जसंच्या तसं हुसारांच्या काळाला लावणं बरोबर नाही.

या कोड्यावर सगळ्यात प्रामाणिक काम केलं ते वोयचेख झाब्वोत्स्की या माणसाने. 1930 चा जन्म, पेशाने आर्किटेक्ट, आणि तलवारबाजीच्या खेळातल्या साबर प्रकारातला अव्वल खेळाडू: 1956 आणि 1960 च्या ऑलिंपिकमध्ये पोलंडच्या टीमबरोबर रौप्य, 1964 ला कांस्य. खेळातली साबर म्हणजे हलकी पातळ पट्टी, तिच्यात आणि खऱ्या शाब्लेत जमीन-अस्मानाचा फरक, हे त्याला हाताने माहीत होतं. म्हणून त्याने जुन्या खऱ्या तलवारी घेऊन वार करून बघितले, कुठल्या मुठीने मनगटातून वार निघतो, कुठल्या मुठीने कोपरातून, कुठलीने खांद्यातून, आणि त्यावरून तलवारींचं वर्गीकरण मांडलं. त्याआधी तलवारी लावायच्या त्या राजाच्या नावाने नाहीतर नक्षीवरून. ती हातात धरल्यावर काय करू शकते यावरून तिला ओळखायचं, हा विचार मला फार पटतो, आणि आज पोलंडमध्ये आणि बाहेर जे लोक बोथट पोलादी शाब्ला आणि मास्क घालून जुनी पद्धत पुन्हा उभी करायचा प्रयत्न करतात त्यांच्यातले बरेच जण तिथूनच सुरुवात करतात.

आता पुढचा इतिहास जरा भराभर. 1772, 1793 आणि 1795 अशा तीन वेळा रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंड वाटून घेतला आणि नकाशावरून देशच गेला. दोनच वर्षांनी, 1797 मध्ये, इटलीतल्या रेज्जो एमिलिया गावात नेपोलियनच्या बाजूने लढणाऱ्या पोलिश सैनिकांसाठी युझेफ विबित्स्कीने एक गाणं लिहिलं, त्यात ओळ आहे की परक्या सत्तेने जे आपल्यापासून घेतलं ते आपण शाब्लेने परत घेऊ. तेच 1927 पासून पोलंडचं राष्ट्रगीत. देश नाही, राजा नाही, संसद नाही, उरलं काय तर ती कमरेची तलवार, म्हणून गाण्यात तीच आली. 30 नोव्हेंबर 1808 ला स्पेनमधल्या सोमोसिएराच्या खिंडीत नेपोलियनच्या पोलिश घोडदळाची सव्वाशेच्या आसपास माणसं चढावर तोफांच्या रांगांवर चालून गेली, ती शाब्ला उपसूनच, कारण भाले त्या पलटणीला नंतर मिळाले.

1918 ला देश परत आला आणि लगेच रशियाच्या लाल सेनेशी युद्ध. 31 ऑगस्ट 1920 ला कोमारूफला दोन्हीकडचं हजारोंचं घोडदळ भाले आणि तलवारींनी भिडलं, युरोपातल्या शेवटच्या मोठ्या घोडदळी लढायांपैकी एक. या युद्धातल्या सैनिकांना नंतर पूर्व सीमेवर जमिनी मिळाल्या, तिथे त्यांनी घरं बांधली, आणि फेब्रुवारी 1940 मध्ये सोव्हिएत सत्तेने त्याच कुटुंबांना रातोरात उचलून सायबेरियाला नेलं. तिथून सुटलेल्या पोलिश बायका-मुलांपैकी सुमारे पाच हजार जण इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला येऊन राहिले, 1943 ते 1948. वळिवड्याचा कॅम्प आपल्याला माहीत असतो, पण त्यातल्या कितीतरी घरांची कहाणी 1920 च्या त्या युद्धापासून सुरू होते हे सहसा सांगितलं जात नाही.

शेवटची सरकारी लढाऊ शाब्ला म्हणजे 1934 चं मॉडेल, क्येल्त्से शहरातल्या लुद्विकुफ कारखान्यात बनलेली. साधी, मजबूत, आणि जाणकार तिला फार मानतात. तीच हातात घेऊन 1 सप्टेंबर 1939 ला क्रोयांती गावाजवळ 18 व्या उलान रेजिमेंटच्या घोडेस्वारांनी हल्ला केला, आणि हीच ती "पोलिश घोडेस्वार तलवारी घेऊन टँकवर धावले" वाली गोष्ट. प्रत्यक्षात ते धावले जंगलाच्या कडेला विसावा घेत असलेल्या जर्मन पायदळावर, आणि हल्ला यशस्वीही होत होता, मग चिलखती गाड्या आल्या आणि त्यांच्या मशीनगनच्या माऱ्यात कर्नल काझिमिएश मास्तालेश आणि त्यांची बरीच माणसं पडली. नंतर पत्रकारांना तिथे नेलं तेव्हा मेलेले घोडे, माणसं आणि जवळ उभे टँक दिसले, आणि गोष्ट तयार झाली, जर्मन प्रचाराने ती उचलून धरली आणि युद्धानंतरही ती चालत राहिली. त्या काळातलं पोलिश घोडदळ घोड्यावरून जायचं पण बहुतेक वेळा उतरून लढायचं, त्यांच्याकडे टँकविरोधी तोफा आणि रायफली होत्या. शूर पण वेडे, असं चित्र त्या माणसांवर अन्याय करणारं आहे आणि ते खोडून काढायलाच हवं. पोलिश घोडदळाची शेवटची दौड 1 मार्च 1945 ला शेनफेल्डला झाली, तीही जिंकलेली.

आज पोलंडमध्ये सैन्यातल्या नव्या अधिकाऱ्याला पद देताना गुडघ्यावर बसलेल्या त्याच्या खांद्यावर शाब्लेचं पातं टेकवतात. परेडमध्ये ती दिसते, लग्नात अधिकारी मित्र तिची कमान धरतात. कधी वॉर्साचं लष्करी संग्रहालय किंवा क्राकूफमधल्या वावेल किल्ल्याचं शस्त्रागार बघायचा योग आला तर सोन्याच्या काराबेलांपाशी गर्दी असेल, ती बघाच, पण नंतर त्या काळ्या, साध्या दिसणाऱ्या शाब्लांपाशीही थोडा वेळ थांबा. आधी मूठ बघा, मग कडी शोधा, मग अंगठा कुठून कसा जात असेल ते आपला हात समोर धरून मनात लावून बघा, आणि मग धार: लढाईत वापरलेल्या पात्याच्या धारेवर बारीक खाचा असतात, घासून काढल्या तरी पूर्ण जात नाहीत. आणि ऑनलाइन प्रतिकृती घेणार असाल तर गरुडमुठीची चकचकीत तलवार हुसार शाब्ला म्हणून विकत असतील तर घेऊ नका, अंगठ्याची कडी आणि बोटांसमोरची पट्टी आहे का हे फोटोत आधी तपासा, आणि पात्याचं वजन टोकाकडे किती आहे हे विक्रेत्याला विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याने ती भिंतीवर टांगायलाच बनवलेली असते.